घरी बांधलेल्या किट कारचा (सुटे भाग जोडून स्वतः बांधलेल्या गाडीचा) रेडिएटर : काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारण बरेच जण तेवढ्यासाठीच वाचतात. भर उन्हात, मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये आणि लांबच्या चढावर गाडी भरपूर चालवून झाली आहे. चालत्या गाडीत तापमानाचा काटा सहसा 88 ते 92 अंश सेल्सिअसच्या मध्ये असतो. अडकून पडलो तर 96-97 पर्यंत चढतो, फॅन लागतो आणि काटा खाली येतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, एकदाही बाहेर आलेलं नाही. रेडिएटर मात्र अगदी साधा आहे : छोट्या हॅचबॅकचा, मधे अ‍ॅल्युमिनियमचा कोअर (पाण्याच्या बारीक ट्यूब आणि त्यांच्यामधले पातळ पत्र्याचे फिन) आणि दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या टाक्या. एवढ्याशा रेडिएटरवर दोन लिटरचं इंजिन थंड राहतं, याचं बरंचसं श्रेय तो कसा बसवलाय याला आहे. म्हणून रेडिएटरपेक्षा बसवण्यावरच जास्त लिहितोय.

गाडी लोटस सेव्हनच्या घाटाची आहे. 1957 पासूनचा हा आराखडा : लांब बॉनेट, पुढे निमुळतं होत गेलेलं बुटकं नाक आणि त्या नाकातच रेडिएटर. जागा रुंदीला बरी, उंचीला फारच कमी. त्यामुळे क्रॉसफ्लो रेडिएटरच घ्यावा लागतो, म्हणजे ज्यात पाणी वरून खाली न जाता एका बाजूच्या टाकीतून दुसऱ्या बाजूच्या टाकीत आडवं जातं. या घाटाच्या गाड्यांमध्ये फोक्सवॅगन पोलोचा जुना रेडिएटर अनेक जण वापरतात. माझाही त्याच मापाचा आहे. फायदा असा की तो पुन्हा मिळतो. खास बनवून घेतलेला रेडिएटर दिसायला देखणा असतो, पण प्रवासात त्याला दगड लागला तर त्या मापाचा दुसरा कुठून आणणार?

जाड कोअर घ्या, असा सल्ला मलाही खूप मिळाला. मी पातळ घेतला आणि त्या निर्णयावर आज जास्तच समाधानी आहे. कोअरच्या पुढच्या भागातून जाताना हवा तापते. मागच्या भागात पोचेपर्यंत हवा आणि पाणी यांच्या तापमानातला फरक कमी झालेला असतो, त्यामुळे मागचे फिन पुढच्याइतकी उष्णता काढून घेऊच शकत नाहीत. शिवाय जाड कोअरमधून हवा ढकलायला जोर जास्त लागतो आणि कमी वेगात तो जोर नसतो. म्हणजे जाडी दुप्पट केली म्हणून थंडावा दुप्पट मिळत नाही. समोरून दिसणारं क्षेत्रफळ वाढवता आलं तर ते आधी वाढवावं. तांबं की अ‍ॅल्युमिनियम हा वादही मी फार ताणला नाही. तांबं उष्णता जास्त चांगली वाहतं हे खरंच, पण अ‍ॅल्युमिनियमच्या रुंद ट्यूब आणि हलकं वजन यामुळे प्रत्यक्षात फरक बुजतो. आणि या गाडीत नाकाच्या टोकाशी वजन जितकं कमी तितकं बरं.

आता हवेचं. मला विचाराल तर सगळं काम इथेच आहे. हवा नेहमी सोपी वाट धरते. नाकाच्या तोंडातून आत आलेल्या हवेला रेडिएटरच्या कडेला बोटभर जरी फट दिसली, तरी ती दाट फिनमधून कशाला जाईल? मी मुद्दाम दोन्ही प्रकारे चालवून पाहिलं. आधी कडा उघड्या ठेवून. मग नाकाच्या तोंडापासून कोअरच्या चारही कडांपर्यंत पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा डक्ट (हवेची बंदिस्त वाट) करून, आणि पत्रा जिथे कोअरला टेकतो तिथे बंद पेशींच्या फोमची पट्टी लावून. त्याच चढावर, साधारण तशाच उन्हात, आधी काटा शंभरी ओलांडायचा. नंतर 93-94 वर थांबला. मधल्या काळात ना रेडिएटर बदलला, ना फॅन, ना पंप.

तोंड किती मोठं हवं? डक्ट हळूहळू रुंदावत जाणारा असेल, तर कोअरच्या क्षेत्रफळाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं तोंड पुरतं. रुंदावत्या डक्टमध्ये हवेचा वेग उतरतो, दाब वाढतो आणि तो दाब तिला कोअरभर सारखी पसरवतो. डक्ट नसेल तर मोठ्या तोंडाचाही फारसा उपयोग होत नाही.

आत आलेली हवा बाहेर जाण्याचा विचार मात्र फार कमी लोक करतात. इंजिनच्या कप्प्यात गरम हवा कोंडली की मागे दाब तयार होतो आणि कोअरमधून नवी हवा येणंच मंदावतं. माझ्या बॉनेटला वर झडपा कापलेल्या आहेत आणि गिअरबॉक्सच्या बोगद्याकडची वाट मोकळी ठेवली आहे. गाडी थांबली की या झडपांमधून गरम हवेचा लोट वर येताना हाताला स्पष्ट जाणवतो. जागा निवडताना एक पथ्य पाळा. काचेच्या अगदी पायथ्याशी झडपा नकोत, कारण चालत्या गाडीत तिथे हवेचा दाब जास्त असतो आणि हवा उलटी आत शिरू शकते.

बसवण्याकडे येतो. खाली दोन पिना, त्या चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) वेल्ड केलेल्या पट्टीच्या भोकांमधल्या ग्रोमेटमध्ये (रबरी कड्यांमध्ये) उभ्या. वर दोन ब्रॅकेट, दोन्हींत रबर बुश आणि बुशच्या आत स्टीलची छोटी नळी. ही नळी फार महत्त्वाची, कारण बोल्ट कितीही आवळला तरी जोर नळीवर येतो आणि रबर चेपून निकामी होत नाही. बसवल्यावर रेडिएटर वरून धरून हलवला तर दोन-तीन मिलिमीटर हलला पाहिजे. खड्ड्यात चाक गेलं की नळ्यांची चॅसिस थोडी पिळवटते. रेडिएटर तिला घट्ट जखडलेला असेल तर तो पीळ टाकी आणि कोअरच्या सांध्यावर येतो आणि गळती तिथूनच सुरू होते. इतक्या महिन्यांनी खालचे ग्रोमेट काढून पाहिले. एका बाजूला किंचित दबल्याची खूण आहे, चीर कुठेही नाही.

उंची वाचवण्यासाठी रेडिएटर थोडा मागे कललेला आहे. त्याने थंडाव्यात फरक पडलेला दिसला नाही. खालची कड मात्र चॅसिसच्या खालच्या नळीच्या वर ठेवा, म्हणजे गतिरोधकावर आधी नळी घासेल. इंजिन आपल्या रबरांवर पुढे-मागे हलतं, तेव्हा फॅनची मोटर आणि इंजिनच्या पुढच्या टोकाची क्रँक पुली यांच्यात निदान 25 मिलिमीटर मोकळी जागा हवी.

या घाटाच्या गाडीत एक अडचण सगळ्यांना येते. नाक बुटकं, त्यामुळे रेडिएटर इंजिनच्या हेडपेक्षा, म्हणजे सगळ्यांत वरच्या भागापेक्षा, खाली बसतो. हवा वर जाते, म्हणजे ती हेडमध्ये अडकते आणि रेडिएटरच्या झाकणातून कधीच निघत नाही. म्हणून दाबाचं झाकण असलेली एक्स्पान्शन टाकी (तापून वाढलेल्या कूलंटला जागा देणारी) मागच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या भिंतीवर, सगळ्यांत उंच जागी लावली आहे. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून एक बारीक नळी आणि हेडच्या पाण्याच्या निकासावरून दुसरी, दोन्ही सतत चढत्या ठेवून टाकीत वर सोडल्या आहेत. टाकीच्या बुडातून एक जाड पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला जातो. इंजिन चालू असताना टाकीत डोकावलं तर बारीक नळीतून कूलंटची सळसळती धार पडताना दिसते. बुडबुडे नसलेली धार दिसली की हवा निघाली असं समजावं.

माझं इंजिन मुळात आडवं बसण्यासाठी बनलेलं फोर्डचं झेटेक. ते लांबीत बसवलं की पाण्याचा निकास थेट फायरवॉलकडे तोंड करतो. तिथून पुढे नाकापर्यंत पाइप आणताना मधे उंचवटा झाला तर तिथे हवा धरते. मी लांबीचा बराचसा भाग अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा केला आणि रबरी होज फक्त दोन टोकांना ठेवले. नळीच्या टोकाला गोल उंचवटा काढलेला असावा, नाहीतर गरम दाबाखाली होज घसरून निघतो. पंपाकडे जाणारा खालचा होज ओढीखाली असतो. तो मऊ असेल तर इंजिनचा वेग वाढताच चपटा होतो आणि नेमकं जोरात पळताना पाणी कमी पडतं. त्यात आतून स्प्रिंग हवी किंवा होजच कडक हवा. हीटर काढून टाकणाऱ्यांनीही एक गोष्ट बघावी. काही इंजिनांत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) बंद असताना पाणी फिरण्याची वाट हीटरमधूनच जाते. तिथे दोन्ही तोंडं बंद न करता एकमेकांना जोडावी लागतात.

सिलिकॉनचे रंगीत होज मी टाळले. ते टिकतात, पण त्यांच्यातून वाफ अगदी हळूहळू झिरपते आणि साध्या चरांच्या क्लिपा त्यांत रुततात. काळ्या रबरी होजवर मी खूश आहे. नव्या होजच्या क्लिपा काही वेळा तापून थंड झाल्या की पुन्हा आवळाव्या लागतात. एका सांध्यावर हिरवट डाग दिसला होता, अर्ध्या फेऱ्यात थांबला.

फॅन कोअरच्या मागे, हवा ओढणारा, पूर्ण कोअर झाकणाऱ्या श्राउडसह (आवरणासह). श्राउड नसेल तर फॅन फक्त आपल्या वर्तुळापुरती हवा ओढतो आणि कोपरे कोरडे राहतात. कोअरच्या आरपार प्लास्टिकच्या पट्ट्या घालून फॅन टांगायची पद्धत मला अजिबात पटत नाही. कंपनाने पट्टी फिन घासत शेवटी ट्यूबपर्यंत पोचते. तारा जोडल्यावर कोअरच्या पुढे एक कागद धरा. तो चिकटला तर दिशा बरोबर. उडून गेला तर तारा उलट्या आहेत आणि फॅन समोरून येणाऱ्या हवेशी झगडतोय. करंट रिलेमधून द्या, फ्यूज वेगळा ठेवा. माझा स्विच फॅन 92 अंशांना लावतो, 87 ला बंद करतो, आणि तो रेडिएटरच्या परतीच्या बाजूला आहे. म्हणून फॅन लागतो तेव्हा हेडवरचा काटा चार-पाच अंश जास्त दाखवतो. नव्याने पाहणाऱ्याला भीती वाटते, पण यात बिघाड काही नाही.

फॅनची अर्थिंगची (ऋण बाजूची) तार रेडिएटरला जोडू नका, सरळ चॅसिसला किंवा बॅटरीला जोडा. कूलंटमधून वीज वाहायला लागली की अ‍ॅल्युमिनियम आतून खायला सुरुवात होते. तपासणी सोपी आहे. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला, दुसरं थंड टाकीतल्या कूलंटमध्ये, धातूला न लागता. दिवे, फॅन सगळं चालू करून बघा. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा. मी दर तेलबदलीला हे बघतो.

कूलंट निम्मं ग्लायकॉल (अँटिफ्रीझ), निम्मं डिस्टिल्ड पाणी. ग्लायकॉलमुळे उष्णता वाहून नेण्याची क्षमता थोडी घटते हे खरं, पण उकळबिंदू वाढतो आणि गंज रोखणारी द्रव्यं त्यातच असतात. एक बारच्या झाकणाखाली हे मिश्रण 125 अंशांच्याही पुढे उकळतं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार बारीक ट्यूबमध्ये बसतात.

कुरबुरी आहेत. पुढे जाळी असूनही किडे आणि चिखल फिनमध्ये अडकतात, आणि डक्ट बंदिस्त असल्यामुळे धुण्यासाठी तो काढावा लागतो. मागून पुढे, हलक्या धारेने धुवायचं. जोराच्या फवाऱ्याने फिन वाकतात. फोमची पट्टी एका कोपऱ्यात सुटली होती, आता तिथे रबराची पट्टी रिव्हेट केली आहे. प्लास्टिकच्या टाक्या वयाने ठिसूळ होतात, त्यामुळे पट्ट्या वाकवून बसवलेल्या सांध्याकडे माझी नजर असते. पुढच्या वेळी डक्टची खालची बाजू पाव फेऱ्यात उघडणाऱ्या खिळ्यांवर बसवणार आहे, म्हणजे धुणं पाच मिनिटांचं काम होईल.