कॉलेज रोडवरील एक सर्वेक्षण सेवा : प्रश्न उत्तम, अहवाल फुगलेला

नाशिकच्या पंचवटीत आमच्या मंडळाचा एक छोटा वृद्धाश्रम आहे. तेथील ३८ ज्येष्ठांना जेवण, शुश्रूषा आणि वागणूक यांबद्दल खरोखर काय वाटते, हे बाहेरच्या माणसाकडून विचारून घ्यावे असे कार्यकारिणीत ठरले. कारण आम्ही विचारले की सगळे "छान आहे" म्हणतात आणि आमची पाठ वळताच लेकीला फोन करून चिवडा मागवतात. हे काम आम्ही कॉलेज रोडच्या मागील गल्लीतील एका सर्वेक्षण सेवेला दिले. तक्रारीचा भाग बराच असल्याने तिचे नाव येथे देत नाही.

नाशिकमध्ये असा व्यवसाय चालतो याचे नवल नाही. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे, शिवाय बी.एड., नर्सिंग आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये जागोजागी आहेत. या सेवेचे नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे प्रबंधिकेची मुदत जवळ आलेले विद्यार्थी. त्यांच्यासाठी प्रश्नावली तयार करणे, माहिती संगणकात भरणे, तक्ते काढणे आणि बांधणी करून देणे असा सगळा कारभार दोन खोल्यांत चालतो. शिक्षकांची अभिवृत्ती, परिचारिकांचा दृष्टिकोन, ग्राहकांचे समाधान असे विषय तेथे एकाच साच्यातून निघतात, याचा पुरावा आम्हाला पहिल्याच मसुद्यात मिळाला. सातव्या क्रमांकाचे विधान होते : "शिक्षकांचे वर्तन सौहार्दपूर्ण आहे." कुठल्याशा शाळेसाठी केलेली प्रश्नावली आमच्याकडे पाठवताना तेवढे बदलायचे राहून गेले होते.

त्या मसुद्याचा सांगाडा सर्व्हक्वाल या पद्धतीचा होता. १९८० च्या दशकात परशुरामन, झाइटहॅमल आणि बेरी यांनी सेवेची गुणवत्ता मोजण्यासाठी ही पद्धत बसवली. तिच्यात २२ विधाने असून ती दोनदा विचारली जातात : एकदा तुमची अपेक्षा काय म्हणून, आणि एकदा प्रत्यक्षात काय मिळाले म्हणून. बँकेच्या किंवा दुरुस्ती सेवेच्या ग्राहकाला हे ठीक आहे. दुपारच्या औषधानंतर पेंगुळलेल्या माणसाला ४४ प्रश्न विचारणे बरे नव्हे. त्यातच भाषांतर शब्दाला शब्द ठेवून केलेले. "कर्मचारी प्रतिसादात्मक आहेत" या वाक्याचा अर्थ मलाच दोनदा वाचून लागला. "हाक मारली की कोणीतरी येते" एवढेच विचारायचे होते.

येथवर मी काम परत घेण्याच्या विचारात होतो. मत बदलले ते प्रत्यक्ष मुलाखती घ्यायला आलेल्या मुलीमुळे, आणि या सेवेला जे काही गुण द्यायचे ते तिच्या वाट्याचे आहेत. पहिल्या दिवशी तिने पाच आजी-आजोबांबरोबर प्रश्नावली करून पाहिली आणि स्वतः होऊन सांगितले की हे चालणार नाही. मानसशास्त्रज्ञ लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची श्रेणी, म्हणजे पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत, कागदावर सोपी दिसते, पण "तटस्थ" म्हटल्यावर एका आजींनी विचारले, "तटस्थ म्हणजे काय गं बाळा, नदीच्या काठाला उभं राहायचं?" शब्दाची फोड त्यांनी अगदी बरोबर केली होती, उत्तर मात्र मिळाले नाही.

दुसऱ्या दिवशी ती एक पुठ्ठ्याचे कार्ड घेऊन आली. त्यावर ठसठशीत अक्षरांत पाच घरे होती : सोळा आणे, बारा आणे, आठ आणे, चार आणे, काही नाही. विधान वाचायचे आणि "आजी, हे किती आणे खरं?" असे विचारायचे. जी पिढी आण्यांच्या हिशेबात वाढली तिला हे समजावून द्यावे लागले नाही. काटेकोरपणे पाहिले तर आठ आणे म्हणजे तटस्थ नव्हे, निम्मे पटले असा त्याचा अर्थ होतो, आणि ही श्रेणी आता लिकर्टची राहिली नाही. पण उत्तरे खरी येऊ लागली, हे मी शेजारी बसून ऐकले आहे.

दुसरी अडचण नकारार्थी विधानांची होती. माणूस सगळ्यालाच हो म्हणत सुटू नये म्हणून प्रश्नावलीत काही विधाने उलटी घालतात. लिहून घेताना हे साधते, तोंडी मराठीत फसते. "मला जेवण गरम मिळत नाही" यावर एका आजोबांनी "नाही" म्हटले. म्हणजे मिळत नाही हे खरे, की विधानच खरे नाही? मुलीने चारही उलटी विधाने काढून टाकली आणि "ताट समोर येतं तेव्हा भाजी कशी असते?" असे सरळ विचारले. भिडेचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही. "इतक्या उन्हाची आलीस, तुला वाईट कसं सांगू?" असे म्हणणाऱ्या आजींनी सोळा आण्यांवरचे बोट शेवटपर्यंत हलवले नाही.

म्हणूनच ती दोन दिवस जेवणघरातही बसली. माणसे सांगतात एक आणि वागतात दुसरे, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ला पिएर यांनी १९३४ मध्येच दाखवले होते. एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत फिरताना अडीचशेहून अधिक हॉटेलांत आणि खाणावळींत त्यांना फक्त एकदा नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणी पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी पाहुणे घेणार नाही असे कळवले. आमच्याकडे उलटे होते : शब्द गोड, ताटात भाकरीचे काठ तसेच. स्वयंपाक वाईट नव्हता, काठ दातांनी चावले जात नव्हते. सकाळी दहाला थापलेली भाकरी साडेबाराला वाढली जात होती.

एवढ्या चांगल्या कामावर कार्यालयाने जो अहवाल रचला तो वाचून मात्र खेद झाला. मुदतीनंतर तीन आठवड्यांनी ६४ पाने हाती आली. त्यांतील पहिली वीस "वृद्धत्व : संकल्पना व व्याख्या" यात खर्ची पडली होती. भाकरीचा उल्लेख परिशिष्टात, दोन ओळींत. मधल्या पानांवर स्त्रिया व पुरुष यांच्या समाधानातील फरकासाठी काय-स्क्वेअर कसोटी, म्हणजे दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे पाहणारी संख्याशास्त्रीय कसोटी, लावलेली होती. ३८ जण पाच गटांत वाटले की बऱ्याच रकान्यांत अपेक्षित संख्या पाचच्या खाली जाते आणि ती कसोटी भरवशाची राहत नाही. त्याहून मूळची गोष्ट अशी की आम्ही नमुना घेतलाच नव्हता, सगळ्यांनाच विचारले होते. मग निष्कर्ष कोणत्या मोठ्या समूहाला लागू करायचा होता? क्रॉनबाख अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, ०.९४ आल्याचे ठळक अक्षरांत छापले होते. साधारणपणे ०.७० पुरेसा मानतात. इतका वर गेला की एकच प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारला गेला असावा, अशी शंका घ्यायला जागा राहते. नातेवाइकांना गूगल फॉर्म पाठवला होता. उत्तरे अकरा जणांची आली, आणि मथळा होता "नातेवाईक समाधानी".

शुल्क २२,००० रुपये, निम्मे आगाऊ. कार्यालयातील बोलणे सौजन्याचे होते आणि चुका दाखवल्यावर कसोट्यांची पाने विनातक्रार काढून दिली गेली, हेही सांगितले पाहिजे. एखाद्या शाळेने, रुग्णालयाने किंवा दुकानदाराने ही सेवा घ्यायची असेल तर मुलाखती आणि एक्सेलमधील मूळ उत्तरे एवढेच काम लेखी ठरवून घ्यावे. पूर्वचाचणीचा, म्हणजे प्रश्नावली आधी थोड्या जणांवर करून पाहण्याचा, दिवस वेगळा मागावा, आणि उत्तरे देणाऱ्यांची नावे मूळ फाइलमध्ये नसतील याची आधीच खात्री करावी. आमच्या फाइलमध्ये ती होती. आश्रमाच्या व्यवस्थापकांनी ती पाहण्यापूर्वी आम्ही तो रकाना पुसला.

अहवालाच्या जादा प्रतीला ३५० रुपये सांगितले, ती घेतली नाही. आण्यांचे कार्ड मात्र त्या मुलीकडून मागून घेतले. भाकरी आता साडेअकराला थापायला घेतात.