इम्प्लांटची घरगुती स्वच्छता: इंटरडेंटल ब्रश की वॉटर फ्लॉसर?

इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रूने बसवलेला कृत्रिम दात, किडत नाही, म्हणून त्याच्या निगेत ढिलाई चालते, हा समज घातक आहे. टायटॅनियमच्या स्क्रूभोवती जीवाणूंचा थर साचत राहिला, तर प्रथम हिरडी सुजते आणि पुढे आधार देणारे हाडच झिजू लागते, तेही बहुधा वेदना न होता.

हा चिकट थर प्रत्यक्ष घासून काढण्यात इंटरडेंटल ब्रश (दातांमधल्या फटीत घालायचा बारीक ब्रश) सरस ठरतो. मात्र त्याच्या मधल्या तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असायलाच हवे, कारण उघड्या तारेने टायटॅनियमवर ओरखडे पडू शकतात आणि खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर थर अधिक सहज धरतो. ब्रशचा आकार दंतवैद्याकडून ठरवून घ्यावा. तो जोर लावून घुसवू नये.

वॉटर फ्लॉसर (दाबाने पाण्याची बारीक धार सोडणारे यंत्र) अन्नकण धुऊन काढतो, पण घट्ट बसलेला थर पूर्णपणे काढत नाही. तरीही अनेक दातांचा स्थिर ब्रिज (एकमेकांना जोडलेले, स्वतः काढता न येणारे कृत्रिम दात) असलेल्यांना किंवा बोटे थरथरणाऱ्या ज्येष्ठांना त्याचा मोठा आधार होतो. सुरुवातीला दाब कमी ठेवावा. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील ज्या संकुलांत टँकरचे पाणी येते, तेथे यंत्राच्या टाकीत पिण्याचे शुद्ध पाणीच भरावे.

एकच साधन घ्यायचे असेल आणि फटीत ब्रश जात असेल, तर माझी निवड ब्रशचीच राहील; हिरडीतून रक्त येत राहिल्यास मात्र साधने बदलून पाहत न बसता दंतवैद्याला दाखवावे.