सेन की कंपनीचा ड्रायव्हर?

लिनक्सवर स्कॅनर चालवायला दोन वाटा: सेन (SANE) हा खुल्या सोर्सचा, अनेक स्कॅनर चालवणारा ड्रायव्हरसंच, नाहीतर स्कॅनरच्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर. नागपुरात महालातल्या घरी आजोबांची जुनी खरेदीखतं स्कॅन करताना मी दोन्ही वापरून पाहिले. कॅननचा लाइड ११० हा स्कॅनर सेनच्या 'जेनेसिस' (genesys) बॅकएंडवर, म्हणजे सेनमधल्याच एका ड्रायव्हरवर चालतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. एकच अडलं: जोडलेले स्कॅनर दाखवणारी 'स्कॅनइमेज -एल' (scanimage -L) ही आज्ञा सुडो (sudo) लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं चालवली की स्कॅनर दाखवायची, एरवी नाही. म्हणजे ड्रायव्हर ठीक होता, परवानगी नव्हती. डेबियन या लिनक्सवर स्वतःला स्कॅनर वापरायची परवानगी असलेल्या 'स्कॅनर' गटात घातलं, लॉगआउट करून परत आलो, अन् पिवळ्या पडलेल्या स्टॅम्पपेपरवरची मोडीसुद्धा स्वच्छ उमटली. फार बरं वाटलं.

दुसऱ्या स्कॅनरला कंपनीचंच पॅकेज लागलं. ते फक्त इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी बांधलेलं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर वेगळा (एआरएम), त्यावर ते चालेचना, आणि सोर्स कोड दिलेला नाही म्हणून त्याच्यासाठी कंपाइल करून, म्हणजे नव्यानं बांधूनही घेता येईना. सीताबर्डीला जुना स्कॅनर घ्यायला निघालात, तर आधी सेनच्या यादीत मॉडेल बघून घ्या.