‘खात्रीची जोडी’ म्हणून दोन माद्या गळ्यात मारल्या

जळगाव-धुळेकडे कबुतरं पाळणाऱ्यांनी हे वाचाच. “पिल्लं काढलेली, खात्रीची जोडी” असं सांगून मला लक्का जातीच्या दोन माद्या विकल्या. साध्या जोडीच्या दुप्पट पैसे घेतले, ते त्या खात्रीपोटीच.

विकणाऱ्याने आधी व्हिडिओ पाठवला होता. मातीच्या परळात दोन पिल्लं, शेजारी जोडी. घरी आणल्यावर एक गळा फुगवून घुमायची, दुसरी तिच्यामागे फिरायची. शंका यावी असं काहीच नव्हतं. नर नसला की दोन माद्या आपसात जोडी लावतात आणि त्यातली दांडगी नरासारखी घुमते. धंदेवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं.

मग परळात चार अंडी दिसली. मादी एका खेपेला दोनच घालते, म्हणजे दोघींनी घातली होती. 17-18 दिवसांत अंडं फुटायला हवं. दिवस उलटून गेले, एकही फुटलं नाही. फोन केला तर म्हणतो, “दादा, आपल्या खान्देशातलं ऊन! अंडी नासणारच.”

हे साफ खोटं होतं. पाच-सहा दिवस उबवलेलं अंडं अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरा. फळलेलं असेल तर लाल शिरांचं जाळं दिसतं. पुढे उन्हाने गर्भ मेला तरी आत रक्ताची रेघ किंवा काळपट डाग राहतो. आमच्या चारही अंड्यांतून पिवळा उजेड आरपार जात होता. हे सांगितल्यावर त्याने फोन उचलणंच बंद केलं. पैसे गेले ते गेलेच.

नंतर अमळनेरच्या एका ओळखीच्याने त्याला आलेला व्हिडिओ दाखवला. कबुतरं वेगळी, पिल्लं मात्र तीच, परळाची फुटकी कडही तीच! संताप आला. पिल्लं पंधरवड्यात केवढी वाढतात. तीच पिल्लं तेवढीच दिसतात म्हणजे व्हिडिओ एकाच दिवशीचे.

म्हणून व्हिडिओवर जाऊ नका, त्याच्या खुराड्यापाशी जा. अंडी उबवणीत असतील तर टॉर्च लावून दाखवायला सांगा. पिल्लं असतील तर दोघंही त्यांना चारा भरवतात का, ते थांबून बघा. चोच उघडून घसा तपासा. पिवळा, पनीरसारखा थर असेल तर ते पाखरू घेऊच नका, तो रोग आईबापाच्या भरवण्यातून पिल्लांत उतरतो. आणि कोवळे पट्ठे ‘तयार जोडी’ म्हणून देत असेल तर वय विचारा. सहा महिन्यांच्या आतल्यांना जोडीला लावायची घाई करू नका.