अ‍ॅक्सेसचं अपडेट: सगळ्यांना बाहेर काढायचं की रोज नवीन कॉपी द्यायची?

ऑफिसात अ‍ॅक्सेसवर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम) केलेलं आवक-जावक नाहीतर स्टॉकचं काहीतरी असतंच, आणि ते केलेल्या माणसाला दर आठवड्याला कुणीतरी सांगतंच की या फॉर्मवर एवढं एक बटण टाकून दे ना. बटणाला पाच मिनिटं लागतात, ते चालू सिस्टिममध्ये घालायचं कसं यात अर्धा दिवस जातो.

सर्व्हरवर एकच फाइल आणि सगळे तीच उघडतात, हा प्रकार असेल तर आजच सोडा. अ‍ॅक्सेस २००० पासून फॉर्म-रिपोर्टमध्ये बदल करायचा तर फाइल एकट्याच्या ताब्यात लागते. मी वर्षभर हे केलंय, "सगळे बाहेर या रे" ओरडत मजलाभर फिरायचो आणि तरी फाइलशेजारची लॉक फाइल (कुणी आत असेपर्यंत राहणारी छोटी फाइल) जायची नाही कारण कुणीतरी स्क्रीन लॉक करून डबा खायला गेलेलं. ती लॉक फाइल नोटपॅडमध्ये उघडली की कॉम्प्युटरची नावं दिसतात, पण बाहेर पडलेल्यांचीही तशीच राहतात, म्हणजे नेमकं धरायचं कुणाला!

तेव्हा आधी दोन भाग करा. टेबलं, म्हणजे सगळी माहिती, एका फाइलमध्ये (बॅक एंड), सर्व्हरवर. फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट, कोड दुसऱ्या फाइलमध्ये (फ्रंट एंड), ती बॅक एंडच्या टेबलांना लिंकने जोडलेली, आणि तिची कॉपी प्रत्येकाच्या मशीनवर. मग प्रश्न एवढाच उरतो की नवीन कॉपी पोचवायची कशी.

एक, डेस्कटॉपवरचा शॉर्टकट बॅच फाइलला (विंडोजला द्यायच्या आज्ञांची साधी फाइल) जोडा, ती दरवेळी सर्व्हरवरून ताजी कॉपी आणते आणि उघडते. चार ओळींचं काम. फाइल आधीच उघडी असेल तर कॉपी होत नाही, जुनीच चालू राहते, पण बंद करून परत उघडली की झालं. दोन, व्हर्जन तपासणे: बॅक एंडमध्ये एका टेबलात नंबर, फ्रंट एंडमध्ये दुसरा, जुळला नाही तरच कॉपी. फाइल मोठी आणि नेटवर्क रडकं असेल तर हे बरं, नाहीतर सांभाळायला आणखी कोड. दहा-पंधरा माणसांसाठी मी बॅच फाइलच म्हणेन. फक्त लोकल फोल्डर ट्रस्टेड लोकेशनमध्ये (ऑफिसच्या सेटिंगमधली विश्वासू फोल्डरांची यादी) टाका, नाहीतर रोज सकाळी सुरक्षेच्या इशाऱ्याच्या पिवळ्या पट्टीबद्दल फोन येणार. आणि कंपाइल केलेली एसीसीडीई (फॉर्म आणि कोड बदलता येत नाही अशी फाइल) देत असाल तर ६४-बिट ऑफिसवर बनवलेली ३२-बिटवर उघडत नाही हे लक्षात ठेवा.

खरी अडचण टेबलांची. कॉलम वाढवायचा तर बॅक एंड उघडायला लागतो आणि ते टेबल कुणी वापरत असेल तर नकार मिळतो. काही जण लपवलेला फॉर्म ठेवतात, तो दर मिनिटाला एक खूण बघतो आणि खूण दिसली की सूचना देऊन अ‍ॅप्लिकेशन बंद करतो. चालतं, पण अर्धवट भरलेली एंट्री कधी तशीच सेव्ह होते, कधी "हे फील्ड रिकामं आहे" म्हणून अडकून बसते, म्हणून मी ते फक्त सात वाजल्यानंतर विसरून गेलेल्यांसाठी वापरतो आणि बॅकअप घेतल्याशिवाय टेबलाला हात लावत नाही.

टेबलं सारखी बदलत असतील तर बॅक एंड एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टचाच मोठा डेटाबेस) न्या. तिथे रिकामा ठेवला तरी चालणारा कॉलम लोक काम करत असताना सहसा चटकन वाढवता येतो, फ्रंट एंडमधल्या लिंका तेवढ्या रिफ्रेश करायच्या. वर्षातून दोनदाच बदल असतील तर मात्र शनिवारी दुपारी एकटे बसा आणि उरका.