पिळून पाणी गाळायचा फिल्टर: घ्यावा का, आणि घेतलात तर तंबू कुठे ठोकावा

मुक्कामाच्या भटकंतीसाठी कुठला फिल्टर घेऊ, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: पोकळ धाग्यांचा, ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पिशवीला लावून पिळायचा. तो मुठीत मावतो. त्याला बॅटरी लागत नाही, पंप मारावा लागत नाही, बिघडायला हलणारा एकही भाग नाही. बरीच वर्षं मी हाच प्रकार वापरते आहे आणि आजही नवीन घ्यायचा झाला तर हाच घेईन. तक्रारी आहेत, त्याही लिहिते. पण सगळ्यात आधी सांगते की या फिल्टरकडून तुम्हाला कितपत चांगलं पाणी मिळेल, याचा निम्मा निकाल तुम्ही मुक्कामाची जागा निवडता तेव्हाच लागतो.

आत अगदी बारीक नळ्यांचा एक जुडगा असतो. नळ्यांच्या भिंतींना सूक्ष्म छिद्रं असतात. पाणी त्यातून पार होतं, मोठं ते बाहेर अडतं. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे पोट बिघडवणारे आदिजीव, म्हणजे एकपेशीय परजीवी, पाण्यात पुटिकेच्या, म्हणजे कवचबंद, रूपात असतात: जिआर्डियाच्या पुटिका साधारण ८ ते १२ मायक्रॉनच्या, क्रिप्टोस्पोरिडियमच्या ४ ते ६ मायक्रॉनच्या. जुलाब-हगवण लावणारे जिवाणू याहून बारीक, पण तेही ०.१ मायक्रॉनच्या छिद्रातून जात नाहीत. विषाणू मात्र जातात. हिपॅटायटिस ए किंवा नोरोव्हायरस ०.०३ मायक्रॉनच्या आसपासचे असतात, त्यांच्यासाठी ही छिद्रं म्हणजे सताड उघडं दार.

खोक्यावर ‘९९.९९९९ टक्के’ ठळक छापलेलं असतं. तो आकडा जिवाणूंचा असतो, हे बारीक अक्षरात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८७ साली पाणी शुद्ध करणाऱ्या उपकरणांच्या चाचणीसाठी जो मापदंड घालून दिला, त्यात तीन आकडे आहेत: जिवाणू ९९.९९९९, विषाणू ९९.९९ आणि जिआर्डियासारखे आदिजीव ९९.९ टक्के. खोकं उलटून मधला आकडा शोधा. तो नसेल तर हातात आहे तो फिल्टर, प्युरिफायर नव्हे. हा फरक दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरात छापायला हवा, कारण हे पाणी लहान मुलं पितात आणि जुलाब लागले की अंगातलं पाणी आधी त्यांचंच संपतं.

वापरायला तो सोपा आहे. नवा असताना लिटरभर पाणी मिनिट-दोन मिनिटांत उतरतं. पिशवी खालून गुंडाळत आणायची, धार सरळ बाटलीत पडते. गाळ साचला की धार बारीक होते, हाताला जोर जाणवू लागतो आणि माणूस चिडून पिशवी करकचून पिळतो. इथेच थांबायचं. सोबत पिचकारी येते, तिच्यात गाळलेलं पाणी भरून उलट्या बाजूने झटक्यात सोडायचं. पहिल्या दोन दट्ट्यांना पाणी मातकट येतं, कधी हिरवट, मग निवळत जातं. ही पिचकारी घरी ठेवून येणारे लोक मी पाहिले आहेत. तिचं वजन नगण्य आहे आणि तिच्याविना हा फिल्टर चार गढूळ ओढ्यांत चोंदतो. पाणी गढूळच असेल तर भांड्यात भरून तासभर स्थिर ठेवा आणि वरचं निवळ पाणी तेवढं पिशवीत घ्या.

एका गोष्टीसाठी माझी नजर सतत पिशवीच्या तोंडाशी असते. पिशवी ओढ्यात बुडवून भरली की फिल्टरच्या बाहेरून, आट्यांमधून कच्च्या पाण्याचे थेंब ओघळतात आणि पिळताना अलगद बाटलीच्या तोंडाशी येतात. सगळी गाळणी वाया घालवायला तो एक थेंब पुरतो. मी जोडणी झाल्यावर फिल्टर पुसून कोरडा करते, बाटली बाजूला धरते आणि कच्च्या पाण्याच्या पिशवीला लाल चिकटपट्टी लावून ठेवते. बहिणीची मुलं बरोबर असतात तेव्हा त्यांना एवढंच ठाऊक असतं, लाल ते प्यायचं नाही. “मावशी, यातलं चालेल?” असं ती न चुकता विचारतात, आणि मला त्याचं फार समाधान वाटतं.

आता या फिल्टरचा खरा दोष. एकदा भिजला की तो गोठता कामा नये. आत राहिलेलं पाणी गोठून फुगतं, नळ्या तडकतात, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. धार उलट मोकळी येते, त्यामुळे फिल्टर अगदी छान चाललाय असं वाटतं. थंडीच्या मुक्कामात मी तो झटकून, छोट्या पिशवीत बांधून, झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घेते. शंका आली तर एक परीक्षा करता येते: फिल्टर पूर्ण भिजवा, स्वच्छ बाजूने तोंडाने फुंका. भिजलेल्या छिद्रांतून फुंकरीच्या जोराने हवा जात नाही. दुसऱ्या टोकाला बुडबुडे आले तर नळ्या फुटल्या आहेत, फेकून द्या. तो गोठला होता हे नक्की माहीत असेल तर परीक्षेच्याही भानगडीत पडू नका.

आणि काही गोष्टी या फिल्टरच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. पाण्यात विरघळलेलं काहीच तो काढत नाही: खतांचे नायट्रेट, कीटकनाशकं, खाणीतून झिरपणारे जड धातू, क्षार. निळ्या-हिरव्या शेवाळाची विषंही त्यातून पार होतात, ती उकळूनही जात नाहीत. इथे इलाज एकच, ते पाणी घ्यायचंच नाही. म्हणून पाणी आणि तंबू या दोन गोष्टी मी वेगळ्या धरत नाही.

मुक्कामाला पोचल्यावर तंबू उघडण्याआधी मी ओढ्याच्या कडेने वर चालत जाते. वरच्या अंगाला शेत आहे का, जनावरं उतरतात का, वस्ती आहे का, दुसरा कुणाचा तंबू आहे का. शक्य असेल तर या सगळ्याच्या वरचं, वाहतं पाणी घेते. झरा उगमाशीच मिळाला तर फारच उत्तम, पण गाळायचा कंटाळा तिथेही करत नाही. तळं असेल तर वारा कुठून कुठे वाहतोय ते बघते, कारण शेवाळाची साय वाऱ्याने ढकलली जाऊन पलीकडच्या काठाला साचते. रंग सांडल्यासारखा हिरवा तवंग दिसला की त्या तळ्याला हातही लावत नाही.

तंबू पाण्यापासून निदान ६० मीटर लांब. पाण्याकाठी ठोकलेला तंबू फोटोत देखणा दिसतो, पण सकाळी आतून ओलाचिंब असतो, जनावरांची पाण्याची वाट अडवतो, आणि भांडी घासलेलं पाणी शेवटी त्याच ओढ्यात जातं. शौचाचा खड्डाही पाण्यापासून आणि मुक्कामापासून तितकाच लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल, आणि वर माती. विषाणू पाण्यात येतात ते माणसाच्या विष्ठेतून, आणि आपला फिल्टर नेमका तिथेच लंगडा. खालच्या अंगाला कुणीतरी असाच फिल्टर घेऊन पाणी भरत असेल.

कोरड्या ओढ्याच्या पात्रातली सपाट वाळू मोहात पाडते. तिथे कधीही झोपू नका. पाऊस डोंगराच्या पलीकडे पडतो, तुमच्या डोक्यावर चांदणं असतं आणि लोंढा तरीही येतो. काठावरची झुडपं बघा. फांद्यांच्या बेचक्यात वाळलेलं गवत, काटक्या, प्लास्टिकचे तुकडे एकाच दिशेने अडकून बसलेले दिसले, तर पाणी निदान तिथपर्यंत चढून गेलंय. हा कचरा माझ्या कमरेच्या उंचीवर दिसला होता तेव्हा अंधार पडत असूनही मी सगळ्यांना सामान उचलायला लावलं. दरीचा अगदी तळही टाळा, रात्री थंड हवा तिथेच उतरून बसते. वर वाळलेल्या फांद्या लटकत नाहीत ना, तेही एकदा मान वर करून बघा.

वर माणसांची वस्ती आहे आणि दुसरं पाणीच नाही, अशी वेळ आली तर गाळून झाल्यावर उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं. इंधन पुरणार नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या. विषाणूंवर त्या चांगल्या चालतात, फक्त थंड पाण्यात जास्त वेळ द्यावा लागतो. मात्र फिल्टर न वापरता नुसत्या गोळ्यांवर विसंबू नका. १९९३ साली अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. त्या जंतूला क्लोरीन जुमानत नाही, फिल्टर मात्र त्याला अडवतो. ही जोडी म्हणूनच मला आवडते.

राहिली ती पिशवी. सोबत आलेली पातळ होती, पहिल्याच मोसमात शिवणीवर उसवली. कंपनीने बदलून दिली, तीही उसवली. एवढ्या चांगल्या फिल्टरबरोबर इतकी तकलादू पिशवी देणं मला पटत नाही, कारण डोंगरात पिशवी गेली की फिल्टर असून नसल्यासारखा. घेताना आटे २८ मिलिमीटरचे आहेत का ते विचारा. तसे असतील तर शीतपेयाची साधी बाटली थेट बसते, आणि ती मुक्कामभर टिकते. आटे वेगळ्याच मापाचे असतील तर तो फिल्टर घेऊ नका, दुसरा बघा.