अणू बदलायचा की दाब द्यायचा?

सोलापुरात एम.एस्सी.च्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो. धातूतला चुंबकीय क्रम, म्हणजे अणूंच्या इवल्या चुंबकांची शिस्तबद्ध मांडणी, निरपेक्ष शून्याशी नेऊन विझवायचा, म्हणजे क्वांटम क्रांतिक बिंदू गाठायचा, तर वाट कोणती?

एका सेरियमला सहा तांबे, असं एक संयुग आहे. केल्व्हिनच्या शंभराव्या भागापर्यंत उतरलं तरी त्यात चुंबकीय क्रम येत नाही. सहा तांब्यांत सरासरी ०.१ इतकं सोनं घाला. सोन्याचा अणू थोराड. स्फटिकातली अणूंची जाळी किंचित फुगते, सेरियमच्या चुंबकत्वाला झाकणाऱ्या इलेक्ट्रॉनांची पकड सैल होते आणि क्रम अगदी उंबरठ्यावर येतो. तिथे विशिष्ट उष्णतेला तापमानाने भागलं, तर थंडी वाढेल तसा आकडा वाढतच जातो. साध्या धातूत तो स्थिरावतो. मला हा आलेख फार आवडतो.

दाबाचं उदाहरण सेरियम-पॅलेडियम-सिलिकॉनचं. त्याचा १० केल्व्हिनचा क्रम सुमारे २८ किलोबारला विझतो आणि तिथेच अतिवाहकता, म्हणजे विजेला अजिबात रोध न राहणं, उगवते. नमुना मात्र अतिशुद्ध लागतो.

पूर्व भागातल्या, घरी यंत्रमाग असलेल्या एका विद्यार्थ्याने फरक नेमका पकडला: "सर, चादरीत मधेच जाड धागा घातला की वीण तिथेच फुगते. ताण वाढवला की सगळी सारखी आवळते."

अगदी तसंच. बदललेला अणू अव्यवस्थाही आणतो आणि प्रत्येक प्रमाणाला नवा स्फटिक वाढवावा लागतो. दाब एकाच स्फटिकावर कमी-जास्त करता येतो, पण इवल्याशा दाबकोशात मोजमापं अवघड होतात. न्यूट्रॉन सोडून चुंबकत्व तपासायच्या प्रयोगाला मोठा नमुना हवा असेल, तर मी सोनंच घालेन. अतिवाहकता शोधायची असेल तर दाब.